जुन्या गाडीचं फ्रंट सस्पेन्शन: अपग्रेड करायचं की आहे तेच नीट बांधायचं?

जुनी गाडी जरा वेगात घेतली की इकडे तिकडे पळायला लागते, खड्ड्यात खडखड करते, आणि मग पहिला विचार हाच येतो की हे सगळं काढून टाकू आणि नवीन किट बसवू. माझं ऐका, आधी थांबा. गाडी नवी होती तेव्हा अशी चालत नव्हती, आत्ता जे जाणवतंय ते कित्येक वर्षांचं वाळलेलं रबर आणि झिजलेले जॉइंट आहेत, मूळ डिझाइन कसं आहे ते तुम्ही अजून चालवून पाहिलेलंच नाही.

म्हणून आधी तपासणी. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावाच, स्प्रिंग खालच्या आर्मवर (चाकाला चासीशी जोडणारा हात) असेल तर जॅक त्याच आर्मखाली लावा म्हणजे बॉल जॉइंटवरचा (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) ताण निघतो आणि प्ले, म्हणजे झिजेमुळे आलेला ढिलेपणा, लपत नाही. आता चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा, प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (काही जुन्या गाड्यांत चाक ज्या पिनवर वळतं ती). डावी-उजवीकडे हलवल्यावर खटखट आली तर टाय रॉड एंड (स्टीयरिंगचा दांडा चाकाकडे जिथे जोडतो तो सांधा) बघा. आर्म जिथे बसतात तिथे चासीला गंज किंवा तडा असेल तर बाकी सगळं नंतर, आधी ते वेल्डिंग.

रीबिल्ड म्हणजे बुश (आर्म जिथे चासीला बसतो तिथलं रबर), बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, शॉकअप, गरज असेल तर स्प्रिंग. वरच्या आर्मखाली शिम (अलाइनमेंटसाठीच्या पातळ पट्ट्या) असतील तर कुठली किती होती ते काढतानाच लिहून ठेवा. कॉइल स्प्रिंगला कॉम्प्रेसरशिवाय हात लावू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रबर बुशचे बोल्ट चाक लटकत असतानाच फुल टाइट करणं. रबर त्याच पोझिशनला पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, त्यामुळे गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा टॉर्क द्या.

मग अपग्रेड कधी? इंजिन मूळपेक्षा जड किंवा ताकदवान बसवलंय, ट्रॅकवर पळवायचीय, किंवा मूळ पार्टच मिळत नाहीत, तेव्हा जरूर करा. पण पूर्ण किटच लागतं असं नाही. 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये, म्हणजे फोर्ड मस्टँगच्याच वेगवान आवृत्तीत, मस्टँगच्या वरच्या आर्मचे माउंट फक्त 1 इंच खाली घेतले होते, त्यानेच वळणावर टायरची पकड सुधारली. उलट एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये लिव्हर शॉकअपचा (हाताने हलणारा जुना प्रकार) हातच वरचा आर्म असतो, तो नुसता काढून टेलिस्कोपिक, म्हणजे आजचा नळीसारखा शॉकअप, लावता येत नाही. पॉलीयुरेथेन बुश मला सरसकट आवडत नाहीत, स्टीयरिंग नेमकं होतं हे खरं, पण रस्त्याचा प्रत्येक दणका आत येतो आणि ग्रीस कमी पडलं की चीं चीं चालू होतं. जाडसर अँटी रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) आणि चांगले शॉकअप एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.

अलाइनमेंटला जाताना एक सांगायचंच, जुन्या मॅन्युअलचे आकडे बऱ्याचदा क्रॉसप्लाय (रेडियलच्या आधीचा प्रकार) टायरचे असतात, रेडियल असतील तर थोडा जास्त पॉझिटिव्ह कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) मागा, गाडी सरळ धरते. किंगपिनवाली गाडी असेल तर ग्रीस भरताना चाक हवेत ठेवा आणि जुनं काळं ग्रीस पूर्ण बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत गन मारत राहा.