अमेरिकेत कॉलेजकडून खेळताय? पोर्टल आणि एनआयएलच्या या चुका टाळा

जुलै २०२१ पासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूला आपलं नाव, छायाचित्र आणि ओळख वापरू देण्याचे पैसे घेता येतात. यालाच एनआयएल म्हणतात. कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेने मुभा दिल्याने एप्रिल २०२४ पासून, अभ्यासात पात्र असेल तर कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच मैदानात उतरता येतं. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून टेनिस खेळत होती, तेव्हा असे पैसे घ्यायची सोयच नव्हती. आता आहे, आणि त्यापायी त्याच त्या चुकाही दरवर्षी होताहेत. बहुतेक घाईतून.

एनसीएएने हो म्हटलं, म्हणजे व्हिसानेही म्हटलं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. भारतातून टेनिस, गोल्फ किंवा पोहण्याच्या स्कॉलरशिपवर गेलेली मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असतात. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम, आणि कॅम्पसबाहेर वेगळ्या परवानगीशिवाय काहीच नाही, एवढीच त्यांना मुभा. रॅकेट कंपनीसाठी रील केली, दुकानात बसून सह्या दिल्या, शिबिरात पैसे घेऊन शिकवलं, तर ते सगळं काम ठरू शकतं. पैशांऐवजी बूट मिळाले तरीही. यात कॉलेजचं काही बिघडत नाही. स्टेटस, म्हणजे व्हिसावर तिथे राहण्याचा हक्क, जातो तो मुलाचा, आणि पुढे ओपीटी (शिक्षणानंतर काही काळ काम करण्याची परवानगी) किंवा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) यांच्या वेळी तेच आडवं येतं.

पर्ड्यूचा झॅक इडी २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं कॉलेज बास्केटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू होता. पण तो कॅनडाचा, एफ-१ वर. अमेरिकन सहकाऱ्यांसारखे करार त्याला करता आले नाहीत. केंटकीच्या ऑस्कर त्शिब्वेने वेगळी वाट काढली. ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामाला गेला, तेव्हा त्याने जाहिरातींची कामं तिथे उरकली, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेर.

आपल्या मुलांनीही सुट्टीत घरी आल्यावरच हे करावं. सही, चित्रीकरण, पोस्ट, सगळं भारतात. परत गेल्यावर त्या कराराची एक स्टोरीसुद्धा टाकायची नाही. तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के आणि पोस्टच्या तारखा एका फाइलला लावून ठेवा. हे सगळं करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) ईमेल करा, लेखी उत्तर घ्या, आणि इमिग्रेशन वकिलाची फी भरा. कोचला विचारून भागत नाही. जून २०२५ मध्ये ‘हाउस’ नावाच्या खटल्यात झालेल्या तडजोडीनंतर कॉलेजंही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत (२०२५-२६ साठी एका कॉलेजची मर्यादा सुमारे २०.५ दशलक्ष डॉलर). त्यातला वाटा देऊ केला, तरी एफ-१ वाल्याने वकिलाशिवाय हो म्हणू नये.

आधी पोर्टल, मग विचार

कोचशी वाजलं की रात्रीत ट्रान्सफर पोर्टलला (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची ऑनलाइन यादी) नाव द्यायचं, हा उतावळेपणा आहे. तुम्ही लेखी कळवलं की कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसने (नियमपालन विभागाने) दोन कामकाजाच्या दिवसांत नाव चढवायचं असतं, आणि त्यानंतरच दुसरे कोच तुमच्याशी बोलू शकतात. पण तुम्ही कळवल्यावर सध्याचं कॉलेज त्या सत्राअखेर स्कॉलरशिप बंद करू शकतं. नाव मागे घेतलंत तरी जुनी जागा परत देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. प्रत्येक खेळाची खिडकी वेगळी असते. अमेरिकन फुटबॉलची २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी होती. ही मुदत नाव देण्याची, कॉलेज निवडण्याची नव्हे. हे न कळल्यामुळे शेवटच्या आठवड्यात मिळेल त्याला हो म्हणणारे खूप.

क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुण, तर कुणी मोजतच नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के, चौथ्याच्या ६० टक्के भाग पूर्ण लागतो, आणि तोही *नव्या* कॉलेजच्या पदवीच्या हिशेबाने. इंजिनिअरिंगचे विषय तिकडे धरले गेले नाहीत, तर प्रवेश मिळूनही बाकावर बसावं लागतं. म्हणून नाव देण्याआधी मनातल्या चार-पाच कॉलेजांच्या संकेतस्थळांवरच्या समतुल्यतेच्या याद्या उघडा आणि आपला एकेक विषय कागदावर ताडून बघा. एक संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

एफ-१ वाल्यांसाठी आणखी एक: पोर्टलमध्ये नाव गेल्याने सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंद हलत नाही. ती डीएसओकडून वेगळी सोडवून घ्यावी लागते, नव्या कॉलेजचा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) लागतो आणि तिथलं शिक्षण पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावं लागतं.

तोंडी आकडा

सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा-लास व्हेगास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण चालवणारा खेळाडू) मॅथ्यू स्लुका तीन सामने जिंकून संघ सोडून गेला. एक लाख डॉलरचा शब्द दिला होता, तो पाळला नाही, असं त्याच्या प्रतिनिधीचं म्हणणं. विद्यापीठाने ते मान्य केलं नाही. खरं कुणाचं, ते दाखवायला लेखी करारच नव्हता. रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि देणाऱ्याचं कायदेशीर नाव कागदावर नसेल, तर तो आकडा धरूच नका.

कागद असला तरी तो वाचा. फ्लोरिडा विद्यापीठाकडून फुटबॉल खेळणाऱ्या गेर्व्हन डेक्स्टरने २०२२ मध्ये ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या करपूर्व कमाईचे १५ टक्के २५ वर्षांसाठी लिहून दिले. पुढे त्याला कोर्टात जावं लागलं. भविष्यातल्या कमाईचा टक्का मागणारा कागद तिथेच परत करा.

बाकीच्या थोडक्यात

एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये (सगळ्यात वरच्या गटात) ६०० डॉलर किंवा त्यावरचा बाहेरचा करार पाच कामकाजाच्या दिवसांत एनआयएल गो या असे करार तपासणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदवा.

तिकडेच वाढलेल्या, नागरिक असलेल्या मुलांनी ४०० डॉलरवरच्या निव्वळ कमाईवर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर धरावा, आयकर त्याशिवाय. प्रत्येक चेकचा तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकलात की एप्रिलमध्ये कर भरताना धावपळ होत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूही उत्पन्नातच धरतात.

आणि इथून अर्ज भरताना अकरावी-बारावीला ‘ज्युनिअर कॉलेज’ लिहू नका. अमेरिकेत त्याचा अर्थ बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज असा होतो, आणि खेळायच्या पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं ते कॉलेजातल्या पहिल्या पूर्णवेळ प्रवेशापासून. ‘उच्च माध्यमिक’ लिहा, मंडळाचं नाव लिहा, सोबत बारावीची गुणपत्रिका जोडा.