गावांच्या नावांवरून व्हायकिंग वसाहतींचा नकाशा कसा तयार करावा

इंग्लंडमधील व्हायकिंगांचा, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लोकांचा, विषय शिकवताना ७९३ साली लिंडिस्फार्नच्या मठावर पडलेल्या धाडीतच बहुतेक तास संपतो. समुद्रापलीकडून आलेल्या या लोकांपैकी पुष्कळांनी पुढे तिथेच नांगर धरला, ही मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट मात्र मागे राहते. साताऱ्यात इतिहास शिकवताना मी म्हणूनच मुलांकडून एक नकाशा करून घेतो. त्यासाठी लहान गावेही दाखवणारा इंग्लंडचा नकाशा, तीन रंगांच्या पेन्सिली आणि आपल्या तालुक्याचा नकाशा एवढे साहित्य पुरते.

आरंभ आपल्या तालुक्यापासून करावा. शिंदेवाडी, जाधववाडी अशा नावांत वस्ती कोणत्या घराण्याची आणि ती मूळ गावापासून फुटून निघालेली, या दोन्ही गोष्टी मुलांना आपोआप सापडतात. त्यानंतर बुद्रुक आणि खुर्द ही नावे शोधायला सांगावे. हे शब्द फारसी असले तरी त्या गावांत फारसी बोलणारे राहत होते असे नाही. ते कारभाराच्या भाषेतून आले. नाव परके दिसले की माणसेही परकीच होती असे मानू नये, ही सावधगिरी इथेच मनात बसली तर पुढचे काम सोपे होते.

आता इंग्लंडचा नकाशा घ्यावा. ज्या नावांच्या शेवटी ‘बी’ (by) आहे ती लाल रंगाने रंगवावीत. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या बोलीत, ‘बी’ म्हणजे शेतवस्ती किंवा गाव, म्हणून ग्रिम्स्बी म्हणजे ग्रिम नावाच्या माणसाचे गाव. ‘थॉर्प’ (thorpe) असलेली नावे निळी करावीत. थॉर्प म्हणजे मोठ्या गावाची बाहेरची वस्ती, आणि या शब्दाला आपल्या ‘वाडी’इतका चपखल प्रतिशब्द मला दुसरा सापडलेला नाही, स्कनथॉर्प हे त्याचे ठळक उदाहरण. ‘थ्वेट’साठी (thwaite) हिरवा रंग ठेवावा, कारण त्याचा अर्थ झाडी तोडून मोकळी केलेली जमीन असा आहे. हिरवा रंग वायव्येकडच्या डोंगराळ भागात अधिक दिसेल. तिथे आयर्लंडच्या बाजूने आलेले नॉर्वेजियन वंशाचे लोक वसले होते.

रंगवून झाल्यावर लंडनहून वायव्येकडे जाणारा वॉटलिंग स्ट्रीट हा रोमन रस्ता पेन्सिलीने आखावा. लाल आणि निळे ठिपके जवळजवळ सगळे त्याच्या ईशान्येला पडतील. एकट्या लिंकनशरमध्ये ‘बी’ची दोनशेहून अधिक नावे आहेत. याचे कारण तारखांत सापडते. ८६५ साली व्हायकिंगांचे मोठे सैन्य इंग्लंडमध्ये उतरले, ८६६ मध्ये यॉर्क शहर त्यांच्या हाती पडले आणि ८७६ मध्ये त्यांचा एक नेता हाफडान याने उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रिया राज्याची जमीन आपल्या लोकांत वाटली; ते नांगरू लागले आणि पोट भरू लागले, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत, म्हणजे त्या काळच्या इंग्रजांच्या वर्षवार इतिवृत्तात, आहे. पाठोपाठ ८७७ मध्ये मध्य इंग्लंडमधील मर्सिया राज्याचा काही भाग आणि ८८० मध्ये पूर्वेकडचे पूर्व अँग्लिया राज्य वाटले गेले. ८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत विजयी झालेला वेसेक्सचा इंग्रज राजा आल्फ्रेड याने व्हायकिंग नेता गुथ्रम याच्याशी जो सीमेचा तह केला, त्यातील रेषा शेवटी याच रस्त्याला येऊन मिळते. उलट, धाडीसाठी गाजलेल्या लिंडिस्फार्नचे नाव मात्र नॉर्स झाले नाही.

इथे मुलांना अजिंक्यताऱ्याची आठवण करून द्यावी. १७०० साली किल्ला घेतल्यावर औरंगजेबाने त्याला आझमतारा हे नाव दिले, पण ते रुजले नाही. इंग्लंडमधील नॉर्थवर्दी या गावाचे मात्र डर्बी झाले आणि डर्बीच राहिले, कारण ते नाव रोजच्या बोलण्यात वापरणारी माणसे आसपास घरे करून होती. बुद्रुक-खुर्दपेक्षा ‘बी’ वेगळे ठरते तेही यामुळेच: ग्रिमसारखी साध्या माणसांची नावे, झाडीचे आणि शेताचे शब्द, हे सारे कारभाऱ्याने वरून चिकटवलेले वाटत नाही.

यानंतर जुने लेखन तपासावे. ही पायरी गाळू नये. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडमधील जमिनींच्या मोजणी-दप्तरात, रग्बीचे नाव ‘रोखेबेरी’ असे आहे, म्हणजे त्यातला मूळ शब्द तटबंदीच्या जागेचा, इंग्रजी. ‘बी’ हे रूप मागाहून आले. शेवट पाहून लावलेला लाल ठिपका अशा वेळी पुसावा लागतो. ग्रिमस्टनसारखी मिश्र नावे, म्हणजे नॉर्स माणसाचे नाव आणि इंग्रजी ‘टन’ (शेतवस्ती, गाव), वेगळ्या खुणेने दाखवावीत. ती बहुधा चांगल्या जमिनीवर दिसतात, त्यामुळे तिथे जुन्या इंग्रजी गावाला नवा धनी मिळाला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

शेवटी यॉर्क शहराचा नकाशा उघडावा. तिथल्या रस्त्यांच्या नावांतील ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, तर नॉर्स भाषेतील रस्ता. कॉपरगेट म्हणजे लाकडी पेले घडवणाऱ्यांची आळी, आणि १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झाले तेव्हा चरकावर कातलेल्या लाकडी भांड्यांचे उरलेले गाभे खरोखरच मातीतून निघाले.