पावतीची फाइल सापडता सापडेना

आर्वीकडच्या आमच्या जिनिंगात काटापावतीचा जुना विंडोज प्रोग्राम लिनक्सवर वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालतो. ऐन हंगामात तो रेंगाळला; बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग! प्रोग्राम कॅपिटल अक्षरांत नाव मागायचा, डिस्कवर फाइल स्मॉलमध्ये. नाव तंतोतंत जुळलं नाही की वाइन अख्खं फोल्डर चाळतं, अन् त्यात हजारो पावत्या.

एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) लिनक्स कर्नल ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, केसफोल्ड आहे; ते लावलेल्या फोल्डरात नाव शोधताना कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जात नाही. डेटाची डिस्क अनमाउंट करून ट्यून२एफएस या कमांडनं ते चालू केलं, नव्या फोल्डरला चॅटर +एफ (कॅपिटल एफ) ही कमांड लावली, फाइली आत कॉपी केल्या. फोल्डर रिकामंच लागतं. भरलेल्यावर झटण्यात माझी अर्धी रात्र गेली. बॅकअप आधी घ्या, कारण फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या दोन फाइलींतली एक दुसरीवर चढते.

आता पावती लगेच निघते. काट्यावरचे काका मात्र अजून वहीतही लिहितात.