दमट हवेत टिकणारा मेकअप

रत्नागिरी-मालवणच्या हवेत मेकअप ओघळतो तो बहुतेकदा थर जाड झाल्यामुळे. रोज कामावर जाताना फाउंडेशन नकोच. चेहरा धुऊन जेल मॉइश्चरायझर लावा, मग दोन बोटांच्या लांबीएवढं एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन. दहा मिनिटं थांबा. घाई केलीत तर वर लावलेल्या कन्सीलरच्या (डाग झाकणाऱ्या क्रीमच्या) गोळ्या होतात. कन्सीलरचे ठिपके फक्त डागांवर आणि डोळ्यांखाली द्या, ओल्या पण घट्ट पिळलेल्या स्पंजने दाबा, घासू नका. काजळ पसरू नये म्हणून डोळ्यांखाली आधी थोडी पावडर.

संध्याकाळी हळद किंवा लग्न असेल तर फाउंडेशन घ्या. छटा मनगटावर नव्हे, जबड्याच्या कडेला, दिवसाउजेडी पारखा. एक पंप पुरतो. पावडर कपाळ, नाक, हनुवटीवरच. पांढरी सिलिका पावडर फ्लॅशमध्ये चेहरा पिठाळ दाखवते, म्हणून निघण्याआधी फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा. अबोलीची वेणी माळणार असाल तर नारिंगीकडे झुकणारी लिपस्टिक खुलते, हे आमचं मत.

घाम आला की आधी टिश्यूने टिपा, मगच पावडर. ओल्यावर टाकली तर पावडरचे डाग पडतात. वॉटरप्रूफ काजळ रात्री खोबरेलाने सुटतं. मुरुमं येत असतील तर ते तेल डोळ्यांपुरतंच वापरा, नंतर फेसवॉश.