मित्राचा ब्लॉग तपासून देताय? मग या चुका टाळा

व्हॉट्सॲपवर लिंक येते, खाली एकच ओळ, "जरा बघ की, कसा झालाय". मग आपण चहा पिता पिता दोनदा अंगठ्यानं वरखाली करतो आणि "लई भारी, लिहीत रहा" टाकून मोकळं होतो. नायतर दुसरं टोक, आपल्याला थोडंफार एचटीएमएल येतंय म्हणून हा फॉन्ट घे, तो रंग घे, अख्खी टेम्प्लेटच, म्हणजे ब्लॉगचा तयार साचाच बदल, असा मारा करतो आणि समोरचा गप्प होऊन पुढचा महिनाभर काही लिहीतच नाही. सांगली-मिरजेत आणि तिकडं साताऱ्यातही माझ्या ओळखीतले बरेच जण लिहितात, कुणी गडांवर, कुणी द्राक्षबागेवर, कुणी घरच्या रेसिप्या, त्यातले बरेच ब्लॉग बघून दिलेत, आणि तपासणारेच कुठं चुकतात ते सारखं दिसत राहतं. मूळ भानगड बहुतेकदा एकच, दुसऱ्याचा ब्लॉग आपण आपला समजून बघतो.

वाचणार कोण ते न विचारता सुरू करणं

लिंक उघडायच्या आधी दोन गोष्टी विचारा. वाचणार कोण, आणि तुला नक्की काय बघून पाहिजे. समजा रिटायर्ड मास्तर आठवणी लिहितायत, वाचणारे म्हणजे त्यांचे जुने विद्यार्थी आणि पुण्या-मुंबईतले नातेवाईक, सगळे फोनवर, सगळे व्हॉट्सॲपच्या लिंकवरून येणारे. त्यांना "कीवर्ड टाका, जाहिराती लावा" सांगून काय उपयोग? त्यांच्याकडं अक्षर केवढं दिसतंय आणि मागची पोस्ट सापडते का, एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं. तासगावकडचा कुणी बेदाण्याच्या रॅकवर, फवारणीवर लिहीत असेल तर मात्र गूगलवर सापडणं महत्त्वाचं, कारण शेतकरी शोधूनच येणार. दोघांना एकच सल्ला देऊ नका एवढंच.

लॅपटॉपवर बघून "ओके आहे" म्हणणं

लिहिणारा लॅपटॉपवर लिहितो, आपण लॅपटॉपवर तपासतो आणि वाचणारे फोनवर वाचतात. त्यामुळं आधी फोनवरच उघडा, तेही इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत), म्हणजे जुनं साठवलेलं पान दिसत नाही, आणि ब्लॉगची ॲडमिन तुमच्याकडं असेल तर लॉगिन असताना जी पेन्सिलची चिन्हं वगैरे दिसतात ती मध्ये येत नाहीत. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडलं तर अजून बरं.

मग तो नेहमीचा वाद, "माझ्याकडं नीट दिसतंय, तुझ्याकडंच कसं बिघडतंय?" यात कारणं ठरलेली असतात. एक, जुनं पान फोनमध्ये साठलंय, ते इनकॉग्निटोत लगेच कळतं. दोन, तुमच्या फोनला डार्क मोड आहे आणि काही ब्राउझर साइटचे रंग स्वतःच्या मनानं उलटे करतात, मग काळी अक्षरं असलेला पारदर्शक लोगो काळ्यावर काळा होऊन गायब. तीन, फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं ठेवलंय, घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर हे असतंच, आणि त्यानं मेनू दोन ओळीत फुटतो. चार, ब्लॉगरच्या (गूगलची फुकटात ब्लॉग चालवायची सेवा) जुन्या टेम्प्लेटला फोनसाठी वेगळी टेम्प्लेट लागलेली असते, लॅपटॉपवर बाजूला "माझ्याबद्दल" आणि जुन्या पोस्टांची यादी दिसते, फोनवर त्यातलं काहीच नाही. हे थीमच्या, म्हणजे टेम्प्लेटच्याच, मोबाइल सेटिंगमध्ये बघून बदलता येतं. म्हणून "बिघडलंय" एवढंच कळवू नका, फोन कुठला, ब्राउझर कुठला, डार्क मोड आहे का, आणि स्क्रीनशॉट, एवढं पाठवा, नायतर तो बिचारा न झालेला बिघाड शोधत बसणार.

देवनागरीला इंग्रजीचे नियम लावणं

सगळ्यात जास्त घोळ इथं आहे आणि कुणी बोलत नाही. टेम्प्लेट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षर डोळ्यापुढं ठेवलेलं असतं. त्यात शीर्षकाला दोन अक्षरांत जास्त अंतर दिलेलं असतं, इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्द सुटा सुटा होतो. असं दिसलं की "शीर्षक विचित्र दिसतंय" न म्हणता "लेटर स्पेसिंग शून्य कर" सांगा, काम एका मिनिटाचं आहे.

ओळींमधलं अंतरही तसंच. आपल्याकडं वर वेलांटी, मात्रे, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं, त्यामुळं इंग्रजीला चालणारं १.४ चं लाइन हाइट मराठीला गच्च वाटतं, १.७ च्या आसपास ठेवलं की डोळा सरळ चालतो. मजकूर दोन्ही कडांना सरळ करायचा मोह पण टाळायला सांगा, फोनच्या बारक्या पानावर चार शब्दांची ओळ ताणली की मध्ये भोकं पडतात. इटॅलिकचं तर सोडाच, बहुतेक देवनागरी फॉन्टात खरं तिरकं अक्षर नसतंच, ब्राउझर उभं अक्षर नुसतं कलतं करतो.

फॉन्ट सुचवायचाच असेल तर मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी असले फुकट आणि युनिकोड (मराठी सगळ्यांकडं सारखीच दिसावी म्हणून अक्षरांना ठरवून दिलेले कोड) असलेले सुचवा. कुणाकडं छपाईच्या कामासाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टातला मजकूर तसाच कॉपी करून टाकलेला असेल तर तो त्याच्या कॉम्प्युटरवर नीट आणि आपल्याकडं नुसती खिचडी दिसते, गूगलला तर तो मराठी आहे हेच कळत नाही. यावर फॉन्ट बदलून भागत नाही, युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून परत एकदा वाचून काढावं लागतं, कारण कन्व्हर्टर जोडाक्षरं हमखास खातो. आणि ल, श मराठी वळणाचे न दिसता हिंदी वळणाचे दिसत असतील तर टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा मराठी सांगितलीय का बघा. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पान मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी वळण येतं.

रंगाबद्दल "फिका वाटतोय" ही तक्रार म्हणजे आवडनिवड झाली, त्यावर तो म्हणणार मला तर आवडतो. त्यापेक्षा आकडा द्या. वेबवरचं लिखाण सगळ्यांना वाचता यावं म्हणून जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत त्यात साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ पाहिजे. पांढऱ्यावर ९९९९९९ या रंग-कोडचा करडा रंग २.८५ च भरतो, ७६७६७६ घेतला की जेमतेम पास. फुकटच्या कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये दोन रंग टाकले की उत्तर येतं, वाद संपला.

एकाच पोस्टमध्ये एक पॅरा मोठा, एक बारका, एकाचा फॉन्टच वेगळा, असं दिसलं तर तो वर्डमधून चिकटवलेला मजकूर आहे. कंट्रोल-शिफ्ट-व्ही नं चिकटवायचं, आधीचा असेल तर फॉरमॅटिंग काढून टाकायचं बटण दाबायचं. टेम्प्लेटला दोष देऊ नका.

ऱ्हस्व-दीर्घ काढत बसणं आणि चुकीची माहिती तशीच सोडणं

मजकूर तपासताना आपला हात आधी वेलांटीवर जातो. कुणी लिहिलं की सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक १८५३ ला केलं, तर आपण "पहीलं" चं "पहिलं" करतो आणि साल तसंच सोडतो. ते १८४३ आहे, ५ नोव्हेंबर, त्याच दिवशी रंगभूमी दिन करतात. असली चूक पुढं शाळेच्या भाषणात जाते, वेलांटी जात नाही.

तारखेचं तर त्याहून गंभीर. बऱ्याच टेम्प्लेट छान दिसावं म्हणून पोस्टची तारीख लपवतात. पावसाळ्यात कुणीतरी लिहिलं, "आज आयर्विन पुलाजवळ पाणी ४२ फुटांवर". तिथं ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, म्हणजे हे वाक्य साधं नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या माणसाला ती लिंक दोन वर्षांनी फॉरवर्ड होऊन आली आणि वर तारीखच नसली तर तो सामान माळ्यावर टाकायला लागेल. अशा ब्लॉगला पहिला शेरा हाच द्या, तारीख दाखव, आणि "आज", "काल" च्या जागी तारीख लिही. कासच्या फुलांवर, ठोसेघरच्या धबधब्यावर लिहिणाऱ्यांनाही हेच लागू, "सध्या मस्त बहर आहे" म्हणजे कधी?

बोलीला मात्र हात लावू नका. "आमी गेलतो", "लई दिस झालं" हे त्यानं मुद्दाम लिहिलंय, ते "आम्ही गेलो होतो" करून टाकलं की ब्लॉगातला माणूसच गेला. शंका असेल तर विचारा, हे असंच ठेवायचंय का. टायपिंगची चूक वेगळी, सह्याद्रीतल्या दऱ्यांचं वर्णन आणि सगळीकडं "दर्या" पडलंय, तिथं समुद्राचा काय संबंध, ते जरूर दाखवा, कीबोर्डवर ऱ्या कसं काढायचं तेही सांगा.

फोटोंचं थोडक्यात. फोनमधला ४००० बाय ३००० पिक्सलचा फोटो तसाच चढवलेला असतो, एकेक तीन-चार एमबीचा, आणि एका ट्रेकचे पंचवीस. रुंदी १२०० ते १६०० पिक्सल पुरते. फोटो गूगलवरून उचललेला वाटला तर तोंडावर "चोरलास का" नको, "हा कुणाचा आहे, परवानगी घेतलीस का" एवढं विचारा.

चाळीस मुद्दे, तेही सगळ्यांसमोर

चुका कॉमेंटमध्ये लिहू नका, खासगीत पाठवा. कॉमेंटमध्ये काय आवडलं ते लिहा, पण नेमकं, "तो आजीच्या चुलीचा भाग वाचून थांबलो" असं. नुसतं "छान" वाचून त्याला काहीच कळत नाही. आणि कॉमेंट टाकली तरी गायब होत असेल तर तेही कळवा, ब्लॉगरला पोस्टखालच्याच चौकटीत ही अडचण येते, सेटिंगमध्ये कॉमेंटची जागा एम्बेडेडऐवजी (पोस्टखालीच) पॉपअप (वेगळी खिडकी) करून बघायला सांगा. फक्त गूगल अकाउंटवाल्यांनाच परवानगी ठेवलीय का तेही बघा, नायतर गावाकडचा मामा कधीच काही लिहू शकणार नाही.

खासगीत पाठवताना तीन भाग पाडा, काय मोडलंय, वाचायला काय आडवं येतंय, आणि तुमची नुसती आवड काय. तिसऱ्या भागात दोनच गोष्टी, आणि वर स्पष्ट लिहा की ही माझी आवड आहे, सोडून दिलंस तरी चालेल. त्याला गुलाबी रंग आवडतो तर आवडू दे की, ब्लॉग त्याचा आहे, फक्त गुलाबीवर पांढरी अक्षरं वाचता येत नसतील तर ते पहिल्या-दुसऱ्या भागात जातं.

"पासवर्ड दे, मीच करून देतो"

हे तर करूच नका. काय दाबायचं ते शेजारी बसून नायतर फोनवर सांगा, करू दे त्याला, पुढच्या वेळी तुम्हाला फोन येणार नाही. थीमला हात लावायच्या आधी थीमचा बॅकअप आणि सेटिंगमधून सगळ्या पोस्टांचा बॅकअप, दोन्ही उतरवून घ्यायला लावा. आणि एक गोष्ट उत्साहाच्या भरात सगळे सुचवतात, लिंका सुधार. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर त्याची लिंक "ब्लॉग पोस्ट बारा" असली काहीतरी करतो, वर्डप्रेस (ब्लॉग बनवायची दुसरी सोय) मराठीच ठेवतो पण कॉपी केली की एकेका अक्षराची नऊ चिन्हं होऊन व्हॉट्सॲपवर अर्धा स्क्रीन भरतो. दोन्ही वाईटच दिसतं. पण जुन्या पोस्टांच्या लिंका बदलायला लावू नका, लोकांनी ग्रुपवर टाकलेल्या, कुणी सेव्ह केलेल्या सगळ्या लिंका मरतात. इथून पुढं पब्लिश करायच्या आधी छोटी इंग्रजी अक्षरातली लिंक स्वतः टाकायची, जुन्या आहेत तशा राहू द्यायच्या.