दुसऱ्या पार्टला अडकलेली चादर

जॅकार्ड (विणतानाच नक्षी उठवलेल्या) चादरीच्या डिझाइनच्या फायली अण्णांनी पाठवल्या, त्या एका फुकटच्या फाइल-होस्टिंग साइटवर, आरएआरचे, म्हणजे दाबून बांधलेल्या गठ्ठा-फाइलचे, तीन पार्ट करून. पहिला उतरला. दुसऱ्याला क्लिक केलं तर '६० मिनिटं थांबा'. राउटर बंद-चालू केला, इनकॉग्निटो उघडलं, काही फरक नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तर पहिल्याच क्लिकला 'तुमची मर्यादा संपली'! अशा साइट बहुतेकदा माणूस नाही, आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा नंबर मोजतात, आणि मोबाइल कंपन्या एकच पत्ता कैक गिऱ्हाइकांत वाटतात. म्हणजे माझा कोटा अक्कलकोट रोडवरच्या कुणीतरी आधीच खाल्लेला असणार.

मग घाई नडली. 'प्रीमियम लिंक फुकट', म्हणजे पैसे भरणाऱ्यांची विनाथांबा लिंक फुकटात, म्हणणाऱ्या साइटवर लिंक चिकटवली. हिरवीगार तीन डाउनलोड बटणं. उतरलं काय, तर ३ एमबीचं ईएक्सई, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम. हवी होती ७०० एमबीची फाइल! उघडलं नाही, थेट डिलीट. पण मध्येच त्या साइटच्या नोटिफिकेशनला 'अलाऊ' दाबून बसलो होतो, त्यामुळे संध्याकाळभर कोपऱ्यात 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात' उगवत राहिलं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समधून ती साइट काढली, तेव्हा कुठे थांबलं.

शेवटी फोनच केला. "अण्णा, गूगल ड्राइव्हवर टाका की, १५ जीबी फुकट असतंय."

रात्री जेवण होईस्तोवर लिंक आली. तिन्ही पार्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवून फक्त पहिला उघडला; बाकीचे दोन त्यानं आपोआप ओढून घेतले. सकाळी मोराची बॉर्डर मागावर.