काकूंना "आता घरीच आराम करा" म्हणू नका: विस्मरणाचा आजार आणि भजनी मंडळांच्या चुका

इंदूरला आमचं भजनी मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात बसतं. त्यात एक काकू तीसेक वर्षं झांज वाजवत होत्या. काही काळापूर्वी त्या एकच अभंग लागोपाठ तीनदा सुरू करायला लागल्या, कधी आरतीच्या मध्येच उठून चपला शोधायच्या. आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी मायेने त्यांना सांगितलं, "काकू, आता घरीच आराम करा." त्यांनी मान डोलावली आणि यायच्या थांबल्या. आमची सगळ्यात मोठी चूक तीच होती.

डिमेन्शिया म्हणजे नुसतं म्हातारपण नाही, मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना तो आहे. मंडळात साठीपुढचे चाळीस जण असतील तर त्यांतल्या दोघातिघांची ही गोष्ट आहे. तरी आपण "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देतो.

घरी बसवणं

काल कोण आलं होतं हे काकूंना सांगता येत नव्हतं, पण पेटीचा सूर लागला की लहानपणापासून म्हटलेली आरती शेवटच्या कडव्यापर्यंत यायची. पाठांतर, चाल, टाळी हे सगळं पुष्कळदा बाकीच्या आठवणींपेक्षा जास्त काळ टिकतं.

आपल्या इंदूरकरांसाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. आपण घरात मराठी, बाहेर हिंदी बोलत मोठे झालो. या आजारात मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते आणि माणूस आईच्या भाषेत परततो. घरात सांभाळायला येणारी बाई हिंदी किंवा माळवी बोलणारी, नातवंडं हिंदीत उत्तर देणारी. काकू मराठीत पाणी मागायच्या आणि समोरच्याला कळायचं नाही. मग चिडचिड व्हायची, आणि "आजी भांडकुदळ झाल्या" असं नाव पडायचं. त्यांना आठवड्यातून दोन तास सलग मराठी कानावर पडायची एकच जागा उरली होती, आणि ती आम्ही काढून घेतली होती.

आता त्या परत येतात. जागा ठरलेली: भिंतीला टेकून, दाराच्या विरुद्ध बाजूला, शेजारी रोज तीच बाई. एकच अभंग दोनदा सुरू झाला तर आम्ही दोनदा म्हणतो. देवाचं काही बिघडत नाही.

"मला ओळखलंत का?"

हे विचारू नका. ही परीक्षा आहे आणि त्यात नापास होणं त्यांना कळतं. सरळ सांगा, "काकू, मी तुमच्याशेजारी झांज वाजवते." गेलेल्या यजमानांची चौकशी केली तर "ते कधीच गेले" असं सांगून प्रत्येक वेळी नवं दुःख देऊ नका. "काकांना काय आवडायचं हो?" असं विचारा, त्या बोलत्या होतील.

बाधा समजणं

समोर नसलेली माणसं दिसणं हे या आजाराच्या काही प्रकारांचं लक्षण आहे. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टर टाळू नका. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा थायरॉइडच्या बिघाडानेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. आणि एक-दोन दिवसांतच माणूस अचानक बरळायला लागला, तर लघवीचा किंवा दुसरा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

उपास आणि प्रसाद

मधुमेहाची गोळी चालू आणि एकादशीही चालू, असं होऊ देऊ नका. साखर उतरली, पाणी कमी पडलं की गोंधळ वाढतो. घरच्यांनी सांगून ऐकत नसतील तर गुरुजींनी सांगावं, "तुमचा उपास देवाला पोचला, आता जेवा." त्यांचं ऐकलं जातं. आजार वाढलेल्यांना गिळायला त्रास होतो, त्यांच्या हातावर सुक्या खोबऱ्याचे तुकडे न ठेवता मऊ शिरा द्या.

गर्दी, आवाज, अंधार

अनेकांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते, आणि आपली आरती नेमकी तेव्हाच. आम्ही दिवे लवकर लावतो आणि स्पीकर बंद ठेवतो. काळी सतरंजी काहींना खड्ड्यासारखी दिसते, म्हणून फिकी घातली. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे मिरवणुकीतले देखावे बघायला, रात्रभर नेऊ नका. खजराण्याच्या गणपतीला जायचं तर गर्दीचा बुधवार सोडून, सकाळी. चपला काढायच्या जागेवर कुणीतरी सोबत हवंच, माणूस हरवतो तो बहुधा तिथूनच. खिशात किंवा बटव्यात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी असू द्या.

देणगीचंही सांगते. एकाच महिन्यात तिसऱ्यांदा पाच हजारांची पावती फाडत असतील तर खजिनदारांनी घरी फोन करावा.

सुनेला विसरणं

आपण आजाऱ्याची चौकशी करतो आणि सांभाळणारीला "तुझं पुण्य आहे गं" म्हणून निघून येतो. तिला पुण्यापेक्षा वेळ हवा असतो. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ तिला सांगून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. आमच्यातल्या दोघी आता दर गुरुवारी काकूंना घरून आणतात आणि परत सोडतात. पहिल्या गुरुवारी परत सोडायला गेलो तेव्हा सुनेने बराच वेळ दार उघडलं नाही. ती झोपली होती.